येकुलतं येक हरीन

शब्बीर, तुझ्यावर माती टाकतानाबी माझा नेम चुकला.

काल समद्यांनी तीन-तीन मुठी टाकल्या, नीट टाकल्या. माझी पयली मूठ वाऱ्यानं उडून मौलवीसायबाच्या दाढीत गेली. दुसरी तुझ्या लेकाच्या, यूसुफच्या पायावर पडली. तिसरी तेवढी खाली गेली, ती बी कडंला. यूसुफ माझ्याकडं बगून रडता रडता हासला. तू असतास तर म्हनला असतास, नामा, यवढा मोठा खड्डा, त्यो बी चुकला व्हय रं.

आज पयली शिफ्ट व्हती. सुटल्यावर पोरं चहाच्या गाडीवर थांबली, म्या सायकल हिकडं तुझ्या कबरीकडं वळवली. गुडघं लई दुखत्यात. चढाला उतरून हातानं ढकलत आनली. तू बरोबर असलास की चढ कळायचा न्हाई, कारन निम्मा चढ मी तुला शिव्या द्यायचो आन निम्मा तू मला. आता त्यो चढ हाय तेवढाच हाय का वाढलाय, द्येव जाने.

गेलेल्या मानसावर लोकं पेपरात लिवत्यात. मला सही बी येत न्हाई, पगाराला आंगठा लावतो, आन त्यो बी रकान्याच्या भाईर जातो. म्हनून बसून बोलतो. तू कवा जल्मला, कुठं राबला, ते यूसुफ सांगंल ज्याला पायजे त्याला. मी आलोय आपला वाद पुरा कराया. हरनाचा.

आठवतं का बग, मी कसला शिकारी व्हतो ते. बापाची ठासनीची बंदूक व्हती, ती माझ्याकडं आली, जसं येखाद्या घरात दमा येतो तशी. पयल्याच पारधीला दारू ठासली, छर्रे ठासले, आन ठासायचा लोखंडी गज नळीतच इसरलो. बार केला. ससा जागचा हालला न्हाई, माझ्या तोंडाकडं बगत बसला, आन गज जाऊन बाभळीत घुसला. त्या बाभळीला लोकं फुसक्याची बाभळ म्हनायला लागली. गावात नामा चौघं व्हते. पन नामा फुसक्या म्हनलं की पोस्टमन सरळ माझ्याच दारात यायचा.

तसं हरनांचं बी येक व्हतं. दिघीच्या बाजूला लष्कराचं बार रोज वाजायचं, त्यानं आपल्या माळावरची हरनं बाराला भ्यायचीच न्हाईत. पाटलाच्या बंदुकीला तेवढी पळायची, मान राखल्यागत. माझ्या बाराला नुसती वळून बगायची.

आन तू व्हतास गावचा मुलानी. बोकड कापायचा तर तुझ्या सुरीनं, जत्रंतला आसू दे न्हाईतर लग्नातला. पारधीत तर तुझ्याबिगर पान हालायचं न्हाई. जनावर पडलं की त्याचा जीव जायच्या आत तू पोचायला पायजे, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायला पायजे, तवा त्ये खान्याजोगं. तू पोचायच्या आधी जीव गेला तर त्ये मुर्दाड. मंग पाटील का आसंना, त्याला कुनी हात लावायचा न्हाई, जागंवरच पुरायचं. मुलान्यानं न्हाई म्हनलं म्हंजी द्येवानं न्हाई म्हनलं. म्हनून तर पारधीच्या सकाळी वेताळाच्या दगडाम्होरं बंदुकी ठेवायचे तशी तुझी सुरी बी ठेवायचे, तिला बी हळद-कुकू लागायचं, आन तू ती पुसून कमरंला लावायचास. हाकारे गेले डबे घेऊन, बंदूकवाले बसले वाटंवर, आन तू मधी कुठंतरी चपला काढून उभा. बार वाजला की सुटायचास. ढेकळातनं, काट्यातनं, वड्यातनं. समदे म्हनायचे, बाराचा आवाज आन मुलानी येकदमच पोचत्यात. तुला बंदूक न्हाई, जमीन न्हाई. तुझे पाय हीच तुझी इनामदारी. आन जनावराची मान तुझी, ती कुनी वाट्यात धरायचा न्हाई.

तुझं पळनं बगायला मिळावं म्हनून मी पारधीला यायचो. माझ्या बारानं तुला पळायचं काम कवा पडलंच न्हाई.

त्या सालची पारध आठवली की मला अजून दमल्यागत व्हतं. सुगी उरकली, पारध सुरू झाली ती शिमग्यापातुर चालायची. पन माळच राहिला न्हवता. भोसरीकडनं तारंची कुंपनं यायला लागलेली, मुरमाच्या लॉऱ्या, सुरुंग. हरनं वर चाकणच्या अंगाला सरकली व्हती. आमी सकाळी जायचो, डबे बडवून बडवून हात सुजायचे, आन दुपारी हात हालवत यायचो. येकदा म्या इतका डबा बडवला की आपलीच म्हस दावं तोडून पळाली आन पाटलानं तिच्यावर बंदूक धरली. बगता बगता हाकारे बी कमी झाले. ज्यो त्यो कंपनीत. येकाला सेकंड शिफ्ट, येकाला ओव्हरटाइम. पाटील म्हनायचा, हरनं तर गेलीच, पन मानसं बी त्यांच्यामागं गेली वाटतं.

आन घरात सखूला दिवस गेलेले.

तुला सांगायला नगं, पन मी सांगतोच. पयलं आलं त्ये रडलंच न्हाई. दुसरं दिवस भरायच्या आदीच गेलं. दोन्ही टायमाला खड्डा खनायला तू बरोबर व्हतास. ह्ये तिसरं. सातवा लागलेला. सखू बोलायची न्हाई, नुसती पोटावर हात ठेवून दारात बसायची, जनू कुनीतरी चोरायला येनार हाय. आन तशात तिला डोहाळं कसलं लागावं? हरनाच्या मटनाचं. चिंच न्हाई, पेरू न्हाई, हरीन. माझी आई म्हनली, डोहाळं पुरवलं न्हाई तर पोराची लाळ गळंल. मी म्हनलो, गळू दे, पन पोर येऊ दे. आईनं लाटनं फेकून मारलं. तिचा नेम चांगला व्हता.

आता पारधीची रीत तुला ठावं. माघ लागला की मादीवर बंदूक धरायची न्हाई, पोटात पाडस आसतं. आन ज्याची बायकू गरवार हाय, त्यानं तर बंदूक उचलायचीच न्हाई. डबा वाजवावा, आपला वाटा घ्यावा, घरी जावं. त्याच्या हातनं गाभन मादी मेली तर बायका बोलायच्या, जसं तिचं पोट तसं घरातलं पोट. कुनी खरं मानायचं, कुनी न्हाई. पन ज्याच्या घरात दोन गेलेत, त्यो काय करनार? त्यो समदंच मानतो.

शिमग्याच्या आदली शेवटची पारध. पाटलाचा दुसरा बंदूकवाला ऐन टायमाला ड्यूटीवर गेला. पाटील मला म्हनला, फुसक्या, आन तुझा गंज. वरच्या वाटंवर नुसता बस. बुजगावनं म्हनून बस. मी घरनं बंदूक आनली. वेताळापाशी तू नळीला हात घातलास आन सोडंनास.

‘नामा, डबा घे.’

‘पाटलानं सांगितलंय.’

‘पाटलाची बायकू गरवार न्हाई.’

मी म्हनलो, शब्बीर, माझ्या बंदुकीनं आजपातुर कुनाचं काय वाकडं झालंय का? त्ये खरंच व्हतं. तू हात काढलास. पन त्या दिसी तू तुझ्या रोजच्या जागंवर उभा न्हाई राहिलास. माझ्याजवळ, तरवडाच्या झुडपाआड उभा राहिलास. मला वाटलं, माझी चेष्टा करायला आलास.

खालनं डबं वाजायला लागलं. ऊन तोंडावर. वाळल्या गवतातनं ती आली. मला शिंगं दिसली आन मी म्हनलो, नर. आपल्या माळावरच्या हरनाच्या मादीला बी बारकी शिंगं आसत्यात, ह्ये शेंबड्या पोराला ठावं. मला बी ठावं व्हतं. पन डोळ्यात ऊन, आन डोक्यात सखूचं ताट. डोळं झाकलं आन बार केला. तसा मी न्हेमीच डोळं झाकून बार करायचो.

धूर गेला. ती पळत व्हती. मला हायसं वाटलं बग, खरं सांगतो. चुकला. मंग वड्याच्या पल्याड गेली आन म्होरचं पाय दुमडून बसली, म्हस बसती तशी, सावकाश.

तू सुटलास. तसं पळताना मी तुला आदी बी कवा बगितलं न्हवतं. वडा तू उडी मारून ओलांडलास. मी मागनं धडपडत, दोनदा पडत. मी वड्याच्या काठावर आलो तवा तू तिच्यापाशी गुडघ्यावर व्हतास. सुरी बाहेर. येक हात मानंवर. आन दुसरा हात पोटावर.

तिचा कान हालला. म्या माझ्या डोळ्यानं बगितला. मी वरडलो, जिवंत हाय, जिवंत हाय, फिरव सुरी.

तू माझ्याकडं बगितलंस. मंग मागं पाटील आन लोकं येत व्हती, तिकडं बगितलंस. सुरी खाली ठेवलीस. तुझा हात तिच्या डोळ्यावर गेला, आन तू तसाच बसून राहिलास. कान अजून येकदा हालला. मंग न्हाई हालला. मंग तू उठलास, अंगातला शर्ट काढलास आन तिच्या मानंपासनं खाली समदा पसरलास. चाकणच्या बाजारातनं घेतलेला नवा शर्ट. त्याची घडी बी मोडली न्हवती पुरती.

पाटील दम खात आला. त्यो वड्याच्या हिकडंच थांबला. तू तिथनंच सांगितलंस, मोठ्यानं, समद्यास्नी ऐकू जाईल आसं.

‘मुर्दाड हाय, पाटील. मला उशीर झाला.’

पाटील म्हनला, ह्यो वरडतोय कान हालला म्हनून. तू म्हनलास, वाऱ्यानं हालला आसंल. वारा कुठं व्हता रं? गवताची काडी हालत न्हवती.

पुऱ्या हंगामातलं येकच जनावर, त्ये बी गेलं. लोकं सकाळधरनं उपाशी. पाटील तुझ्या पायांकडं बगत राहिला, जनू बैल इकायला काढलाय. मंग म्हनला, मुलान्या, तुझं वय झालं. म्होरल्या साली दुसरा बगावा लागंल. तू मान हालवलीस. व्हय म्हनलास. तुझं वय! माझ्यापरास लहान व्हतास तू.

समदे गेले. पुरायला आपुन दोघं. तू म्हनलास, डोकं तू धर, मागनं मी धरतो. पन मी कवा तुझं ऐकलंय? मी उलट्या बाजूनं गेलो. उचलताना माझा हात शर्टाखाली गेला. पोट आसं घट्ट, तानलेलं. तसलं पोट मला ठावं व्हतं. सखू माझा हात धरून ठेवायची पोटावर, म्हनायची, बगा, हाय ना, हाय ना.

तू माझ्याकडं बगितलं न्हाईस. वाट्याला न्हेलं आसतं तर वेताळाम्होरं समद्यांदेखत पोट फाडावं लागलं आसतं. सांजच्याला ही गोष्ट सखूच्या कानावर गेली आसती. मंग पोटावर हात ठेवून बसलेल्या त्या बाईचं काय झालं आसतं, ते मला इचारवत बी न्हाई. म्या तिच्यावरचा शर्ट काढून तुला द्याया लागलो. तू म्हनलास, ऱ्हाऊ दे तसाच. आन त्या फाल्गुनातल्या उन्हात तू उघडा घरी गेलास. जैनबभाभीला सांगितलंस, काट्यात अडकून फाटला.

दुसऱ्या दिसी दुपारी तू डबा घेऊन माझ्या दारात. सखूला म्हनलास, वैनी, चाकणला येका वळकीच्याला हरीन घावलं, त्यातलं हाय. सखूनं पोटभर खाल्लं. मला बी वाढलं. पयल्या घासाला मला कळलं, तुझ्या घरचं काळं करडू. ज्याला जैनबभाभी कडंवर घेऊन हिंडायची. मी म्हनलो, वा, हरीन त्ये हरीन.

हिरा झाली तवा इतकी रडली, इतकी रडली, की सुईन म्हनली, हिला गप करा. मी म्हनलो, खबरदार कुनी गप केलं तर. तू भिंतीपल्याड बसून ऐकत व्हतास. मंग तुझा आवाज आला, नामा, पोरगी तुझ्यावर गेलीय, काय कारन नसताना वरडती. बास. तवापास्नं आपुन त्या गोष्टीवर बोललो न्हाई.

न्हाई कसं? बोललोच की. यवढी वर्सं दुसरं काय बोललो?

म्होरल्या साली सुरी तुझ्या चुलतभावाकडं गेली. मान बी त्याच्याकडं गेली. पोरं उशिरा शाळंत गेली की मास्तर म्हनायचा, मुलान्यागत आलास का. लग्नात वरात रेंगाळली की म्हनायचे, मुलानी झाला नवऱ्याचा. तू हासायचास. तू हासलास की मला माझ्या त्या बंदुकीची नळी आपल्याच तोंडात घालावी वाटायची, पन ती बी चुकली आसती. मंग तू भोसरीला फौंड्रीत लागलास. तुझ्यामागं मी झाडलोटीला. पळनारा मानूस भट्टीपाशी उभा, आन डबा वाजवनारा झाडू घेऊन. फुडं शिकारबंदीचा कायदा आला. तवर मारायला हरीनच उरलं न्हवतं. बंदूक म्या मोडीत दिली, भंगारवाला म्हनला, ही तर मोडीतच काढलेली दिसती.

रोजच्या सायकलीवर आपला वाद. मी म्हनायचो, जिवंत व्हतं. तू म्हनायचास, मेलं व्हतं. मी म्हनायचो, कान हालला. तू म्हनायचास, वारं. पार मोशीच्या उतारापातुर. कंपनीतली पोरं हासायची, म्हनायची, राव, ह्या दोघा म्हाताऱ्यांचं हरीन काय मरत न्हाई. समद्यास्नी वाटायचं, फुसक्याला आपल्या येकुलत्या येका हरनाचं मटान न्हाई मिळालं म्हनून त्यो अजून कुरकुरतोय. वाटू दे. मी जिवंत म्हनायचो ते येवढ्यासाठी की जिवंत आसंल तर तुला उशीर झाला न्हाई. तू मेलं म्हनायचास ते का, ते तुला ठावं आन मला ठावं. दोघं येकमेकाच्या बाजूनं भांडत व्हतो, आन ते बी आडून. सरळ बोलायची आपल्या दोघांची टाप न्हवती.

मंग तुला धाप लागाया लागली. चढाला सायकलवरनं उतरायचास. मी बी उतरायचो, म्हनायचो, माझी चेन पडली. माझ्या सायकलीची चेन रोज त्याच चढाला पडायची. तू येकदा म्हनलास, ही चेन बदल लेका, न्हाईतर खोटं बोलनं तरी बदल.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. तू उशीला टेकून बसलेला, छातीचा भाता नुसता वर-खाली. मी ठरवून आल्तो. आज सरळ बोलायचं. शब्बीर, त्या दिसी तू जे केलंस ते. यवढंच वाक्य घोकत आल्तो सायकलवर. तू माझं तोंड बगितलंस आन तुला कळलं. तू मला बोलूच दिलं न्हाईस. हात वर केलास आन म्हनलास,

‘नामा. मेलं व्हतं.’

काय करू मी? सवय. म्हनलो, जिवंत व्हतं. तू हासलास, आन हासताना ठसका लागला, आन जैनबभाभीनं मला भाईर काढलं. वाक्य तसंच तोंडात राहिलं. अजून हाय. थुकता बी येत न्हाई, गिळता बी येत न्हाई.

आता ऐक, काल काय झालं ते. त्याच्यासाठीच आलोय.

तुला ठेवून आमी तुझ्या दारात येऊन बसलो. तुझ्या घरात चूल पेटली न्हाई म्हनून आमच्या घरनं भाकरी आन पिठलं आलेलं. सखू आत बायकांत, भाभीपाशी. हिरा तांब्या घेऊन पानी देत हिंडत व्हती. यूसुफ उंबऱ्यात बसलेला. तवर पाटील आला. आता काठी टेकून येतो, डोळ्याला कमी दिसतं, पन आला. बसला. पानी प्याला. मंग मोठा श्वास टाकून म्हनला,

‘मानूस सोन्याचा व्हता मुलानी. फकस्त त्या साली पाय कमी पडलं.’

वाईट मनानं न्हाई म्हनला. म्हाताऱ्याला तुझं तेवढंच आठवत आसंल. पन यूसुफची मान खाली गेली. शब्बीर, तुझा लेक, बापाला पुरून आलेला, आन बापाच्या दारात बापाचा उशीर ऐकतोय. तोंडावर आलंच व्हतं, जिवंत व्हतं, पाटील, त्यो येळंत पोचला व्हता. तवर हिरा माझ्याम्होरं तांब्या घेऊन उभी. म्हनली, आबा, मंग ते जिवंत व्हतं का मेलेलं? तुमी तर न्हेमी जिवंत म्हनता. मंग चाचानं सुरी का न्हाई फिरवली?

आन आत सखूची बांगडी वाजायची बंद झाली.

आता जिवंत म्हनलं तर का न्हाई फिरवली ते सांगावं लागतं. मेलेलं म्हनलं तर तुला उशीर झाला. यवढी वर्सं आपुन ह्या दोनच खुट्यांना बांधून घेतलेलं. म्या तांब्या हातात घेतला आन प्यायलाच लागलो. पीत राहिलो. समदा तांब्या संपला. आन तवा मला तिसरं उत्तर सुचलं. यवढ्या वर्सात कसं न्हाई सुचलं, सांगू का? त्याच्यात मला सोताची तारीफ करावी लागत व्हती. तिकडं माझं डोकं कवा गेलंच न्हाई.

म्या म्हनलो, पाटील, काळजात लागली व्हती. माझा नेम त्या दिसी बरोबर बसला. बार वाजला तिथंच जीव गेला, पळालं ते नुसतं अंग पळालं. मुलानी काय, वारा आसता तरी पोचला नसता.

मंग कुनीतरी मागनं हासलं. फुसक्या, तू? काळजात? म्या बी हासलो आसतो, कुनी दुसऱ्यानं सांगितलं आसतं तर. पन मी हासलो न्हाई. पाटलाकडं बगत राहिलो. पाटलानं काठीवर हनवटी टेकली. मंग म्हनला,

‘म्हंजी मुलान्याला उशीर झाला न्हवता.’

‘न्हवता.’

‘मंग म्या त्याच्यावर उगाच...’ म्हनला, आन यूसुफकडं हात केला. यूसुफ उठून गेला त्याच्यापाशी. म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोराची मान वर आली. म्या बगितली.

हिरा म्हनली, आबा, तुमी कवा सांगितलं न्हाई, तुमचा नेम यवढा चांगला व्हता ते. म्या म्हनलो, लाजतो मी.

घरी जाताना सखू म्होरं, मी मागं. मंग वळून न बगताच म्हनली, ते मटान शेरडाचं व्हतं. तवाच कळलं व्हतं मला. मी म्हनलो, आन? ती म्हनली, आन काय. भाभीचं काळं करडू त्या दिसापास्नं दिसलं न्हाई. इचारायचं काय त्यात? आन चालायला लागली. तिला अजून काय काय कळलंय, ते मी इचारलं न्हाई.

तर आसं झालं. काल रात्री झोपच लागली न्हाई. गावात आता मी नेमबाज. सकाळी गेटवर वाचमन मला म्हनला, काय शिकारी. बातमी कंपनीपातुर गेली. ह्यो भार वागवनं सोपं न्हाई बग, फुसक्या म्हनून जगलेल्याला. आता कुनी आगाऊ पोरानं गलोर हातात दिली आन म्हनला आबा, दाखवा, तर मी मेलो.

तुला आता ह्याच्यावर लई बोलायचं आसंल. म्हनत आसशील, काळजात? तू? डोळं झाकून? म्हन. यवढ्या येका बाबतीत तुला उत्तर द्यायला येता येनार न्हाई म्हनून तर सांगून टाकलं. जिता आसतास तर खोडून काढलं आसतंस. तिथंच दारात उभा राहून म्हनला आसतास, न्हाई पाटील, मलाच उशीर झाला.

ऊन कललं. उठतो. उठायला हात द्यायला कुनी न्हाई, म्हनून जरा दमानं. जायच्या आदी येक मूठ माती टाकतो, कालची चुकलेली. आज वारा न्हाई.

ही बग. पडली बरोबर.